दोरीवरची अर्धी कार्डं

खिळे अजून आहेत. एक खिडकीच्या वर, डाव्या कोपऱ्यात. दुसरा समोरच्या भिंतीत, जिथे पूर्वी नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर लटकायचं तिथे. खोर फक्कानच्या समुद्रावरची ही खोली आता कॅफे झाली आहे आणि त्या दोन खिळ्यांवरून कुणीतरी पिवळ्या बल्बांची माळ सोडली आहे. खारं वारं खाल्लेल्या या भिंतींत समोरासमोर खिळे कुणी आणि कशाला ठोकले, असा विचार माळ सोडणाऱ्याने केला नसेल. आयते मिळाले, लावली माळ.

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून सकाळी निघालो, मुलगी गाडी चालवत होती. माझ्या वाढदिवसाला कुठे जायचं असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून खोर फक्कान निघालं. पूर्वी मसाफीवरून, डोंगराला वळसे घालत, अडीच-तीन तास लागायचे. आता रस्ता डोंगराच्या पोटातूनच जातो. एकेका बोगद्यातून बाहेर पडताना मला वाटत होतं, अजून परत फिरता येईल.

"आई, युअर कॉफी इज गेटिंग कोल्ड."

माझं लक्ष कॉफीकडे नव्हतं. माझ्या पर्समध्ये एक कार्ड आहे. इतक्या वर्षांत पर्स किती बदलल्या, कार्ड तेच. त्याच्या एका बाजूला काळी शाई आहे, दुसऱ्या बाजूला निळी. या दोन शायांबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. ती तर गेलीसुद्धा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन मिरजेहून इथे आले. नवरा, सुहास, पोर्टवर क्रेनच्या मेंटेनन्सला. मला टायपिंग यायचं, म्हणून याच खोलीत नोकरी लागली. कंपनी जहाजांना सामान पुरवायची. कांदे, बटाटे, साबण, दोरखंड, बर्फातलं मांस. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना लाँचने माल जायचा. खोलीला वास असायचा ओल्या दोराचा, डिझेलचा आणि खाली गोदामात फुटलेल्या चीजच्या डब्यांतल्या खारट पाण्याचा. खिडकीतला एसी गळायचा. त्याखाली ऑलिव्हचा रिकामा डबा ठेवलेला, त्यात दिवसभर टप, टप. डोंगरातून मोकाट शेळ्या उतरायच्या आणि गोदामाच्या मागच्या दाराशी टाकलेले भाजीचे खोके खायच्या. सडकी भाजी बाजूला सारून पुठ्ठा खायच्या, आवडीने, कडेकडेने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किती हसले होते.

समोरच्या टेबलावर थिमीसर बसायचे.

साठी ओलांडलेले, उन्हाळ्यातही लोकरीचं जाकीट घालणारे. अल्बेनियाच्या दक्षिणेला, ग्रीसच्या हद्दीजवळ, डोंगरात त्यांचं गाव. वडील अल्बेनियन बोलणारे, आई ग्रीक. जेवायला बसलं की मीठ एका भाषेत मागायचं आणि पाणी दुसऱ्या, असं ते सांगायचे. तिथल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, जेवढा शिकवायला परवानगी होती तेवढा. मग एक दिवस त्यांच्या देशाची दारं उघडली आणि ते निघाले. इथे कसे पोचले ते त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. निम्मी जहाजं ग्रीक मालकांची, म्हणून कंपनीला ग्रीक बोलणारा माणूस हवा होता, एवढं नक्की. कागदोपत्री ते सप्लाय क्लार्क. लाँचवरचा पठाण त्यांना उस्ताद म्हणायचा, मी सर म्हणायचे. ते मला एके दिवशी बिया म्हणायचे, दुसऱ्या दिवशी पेधी. पहिला शब्द वडिलांच्या भाषेतला, दुसरा आईच्या. अर्थ दोन्हींचा एकच, पोरी. चुकून तोच शब्द लागोपाठ दोन दिवस आला तर जीभ चावायचे.

त्यांचं खरं काम लाँचवर चालायचं. ग्रीक जहाजावर कुक ग्रीक असायचा आणि खाली इंजिनरूममध्ये पुष्कळदा अल्बेनियन माणसं, नोकरीसाठी ग्रीक नाव घेतलेली. कांद्याची पोती मोजून झाली की सर त्यातल्याच एका पोत्यावर बसकण मारत. तुझं गाव कुठलं? डोंगरापलीकडे कोण राहायचं? ते गेले तेव्हा तुझी आजी काय म्हणाली? माणूस आधी घेतलेलं नाव सांगायचा, चहा संपता संपता खरं. एकाच डोंगराच्या दोन अंगांची ही माणसं, एकमेकांच्या लग्नांत नाचलेली, एकमेकांची घरं जाळलेली, आणि आता आखातातल्या उन्हात एका भटारखान्यात शेजारी बसून बटाटे सोलणारी. सर म्हणायचे, गावात गेलो असतो तर यांनी मला दारात उभं केलं नसतं. समुद्रावर माणूस खरं बोलतो, कारण शेजारी ऐकत नसतात.

जे ऐकत ते कार्डावर लिहीत. दुबईत, देऱ्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून ती कार्डं आणत, पोस्टकार्डापेक्षा जाड. एका बाजूला काळ्या शाईत अल्बेनियन माणसाने सांगितलेलं. कार्ड उलटलं की निळ्या शाईत, त्याच घटनेबद्दल, ग्रीक माणसाने सांगितलेलं. दोन्ही एका बाजूला कधीच नाही. मी एकदा म्हटलं, सर, शेजारी शेजारी दोन रकाने केले तर टाइप करायला किती सोपं जाईल.

"नाही पेधी. शेजारी लिहिलं की वाचणारा न्यायाधीश होतो. उलटायला लावलं की पहिली बाजू दिसेनाशी होते. तेवढा वेळ तरी त्याने दुसऱ्याच्या घरात एकटं बसावं."

ज्या कार्डाची मागची बाजू कोरी आहे ते खोक्यात ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यासाठी ती दोरी. या दोन खिळ्यांमध्ये कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी आणि तिच्यावर रंगीत प्लास्टिकचे चिमटे. अर्धी कार्डं तिथे लटकायची. एसीच्या वाऱ्याने दिवसभर फडफडायची, पंख ओले झालेल्या पाखरांसारखी. आमचा मॅनेजर त्रिशूरचा. तो वैतागून विचारायचा, ये ऑफिस है या धोबीघाट? सर शांतपणे म्हणायचे, धोबीघाटच साहेब, अजून वाळली नाहीत. एखादं कार्ड महिनोन्महिने तसंच राहायचं. मग कुठलं तरी जहाज यायचं, कुणी कुक, कुणी फिटर भेटायचा, आणि सर धापा टाकत जिना चढून यायचे, चिमटा काढायचे, दुसऱ्या शाईचं पेन उघडायचे. लिहून झालं की कार्डावर फुंकर मारायचे आणि माझ्या हातात द्यायचे. खोक्यात ठेवायचा मान माझा. बुटांची सात खोकी भरली होती.

शुक्रवारी ऑफिस बंद. सुहास क्रिकेट खेळायला जायचा आणि मी चावी घेऊन इथे यायचे. सर कार्ड हातात धरून इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायचे. मध्ये बिनदुधाचा सुलेमानी चहा, खुबूसची रोटी, त्यांचे ऑलिव्ह आणि माझं कैरीचं लोणचं. ऑलिव्ह म्हणजे तुमच्याकडचं लोणचंच की, मी म्हणायचे. ते म्हणायचे, बिया, हे तू ग्रीसमध्ये बोलू नकोस आणि अल्बेनियातही बोलू नकोस, या एका बाबतीत दोघं मिळून तुला मारतील. शाळेतल्या इतिहासात मला लढाया आठवतात. सरांच्या कार्डांत लढाई नव्हती. देवळातली घंटा नदीत कुणी टाकली. वरातीला पलीकडच्या गावाने वाट दिली की नाही. जळालेल्या घरातून कुणाचा पाळणा कुणी उचलून नेला, आणि तो वापरला की जपून ठेवला. मशिदीतून जुम्म्याचा खुतबा, ते शुक्रवारचं प्रवचन, ऐकू येईपर्यंत आम्ही असे दोन गावांच्या मध्ये बसलेले असायचो.

माझी मुलगी तेव्हा मिरजेत, आईकडे. बाळंतपणाला गेले, पंचेचाळीस दिवसांची रजा संपली, तिला तिथेच ठेवून परत आले. तेव्हा इथे पुष्कळ जणी असंच करायच्या आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. मीही बोलले नाही. परत आल्यावर टाइप करताना छाती दगडासारखी व्हायची. ओढणी पुढे ओढून बसायचे. मग बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचे आणि वरून नळ सोडायचे.

माझ्या पर्समधलं कार्ड त्या दिवसांतलं. काळ्या बाजूला इंजिनरूममधल्या एका माणसाने त्याच्या आजीचं सांगितलेलं. "आम्हाला एका दिवसात गाव सोडावं लागलं. शेळ्या मागे राहिल्या. पलीकडच्या गावातल्या बायका आल्या आणि त्यांनी आमच्या शेळ्यांचं दूध काढून नेलं." एवढंच. कार्ड किती तरी दिवस दोरीवर होतं. मग एका कुकच्या बॅगेतून सरांच्या मावशीची कॅसेट आली. आईची धाकटी बहीण, त्याच पलीकडच्या गावातली. सरांनी टेप लावला. म्हातारा आवाज, मध्येच खोकला, मागे कोंबडा आरवतोय. मला एक शब्द कळत नव्हता. सर ऐकत होते, लिहीत होते. मग त्यांनी कार्ड उलटून मला वाचून दाखवलं.

"ते गेले. शेळ्या तीन दिवस ओरडत होत्या, आचळं भरून. आम्हाला घास गिळवेना. आम्ही बायका गेलो, दूध काढलं आणि जमिनीवर ओतलं. एक थेंब कुणी प्यायलं नाही. पोरं मागत होती, त्यांनाही दिलं नाही."

माझ्या मशीनवर दुसरंच पान चढवलेलं होतं. त्याचं वाक्य अर्धं सोडून मी उठले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. बाहेर आले तेव्हा टाइपरायटरजवळ चहा ठेवलेला होता आणि सर पाठ करून खिडकीशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही शब्दांनी हाक मारली.

कंपनी बंद झाली. अशा कंपन्या बंद होतात. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. सर मावशीच्या गावी जाणार होते. सात खोकी विमानात नेता येईनात. तेव्हा असं ठरलं, की कार्डांच्या झेरॉक्स काढायच्या, एका कागदावर चार, आणि ते पार्सल युरोपातल्या एका संपादकाला पाठवायचं. तो पुस्तक छापणार होता. मूळ खोकी, आणि त्यांतच ठेवलेली आमची अर्धवट टाइप केलेली पानं, माझ्याकडे राहतील, सरांचं बस्तान बसेपर्यंत. पहिल्या खोक्याच्या झेरॉक्स त्यांनी स्वतः माझ्याबरोबर उभं राहून काढल्या. चार कार्डं काचेवर. झाकण. उजेडाची पट्टी सरकते. झाकण वर. चारही त्याच जागी उलटायची. पुन्हा झाकण. गरम कागदाचा वास, बोटांना काळी भुकटी.

"घाई झाली तरी चालेल, बिया. क्रम चुकला तरी मी लावून घेईन. फक्त उलटायला विसरू नकोस."

मी म्हटलं, सर, मी काय लहान आहे का?

बुधवारी ते गेले. जाण्याआधी दोरीवरची उरलेली अकरा अर्धी कार्डं चिमट्यांसकट काढून त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. मॅनेजरने मशीन मला शुक्रवारी वापरायला दिलं होतं. दुपारी एकला चावी परत.

गेली पंचवीसएक वर्षं मी स्वतःला जे सांगत आले ते असं. मिरजेहून फोन आला होता, मुलीला गोवर निघाला होता, संध्याकाळचं विमान होतं, वेळ नव्हता. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे.

वेळ होता. मी सकाळी सातला मशीन सुरू केलं. आधी सगळ्या पुढच्या बाजू काढून घेऊ, मग सगळ्या मागच्या, असं माझं मीच ठरवलं. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. सव्वादहाला सहाही खोक्यांच्या पुढच्या बाजू झाल्या. एक वाजायला पावणेतीन तास होते. पण जुम्म्यासाठी बाजारातली दुकानं साडेअकराला बंद होणार होती, आणि तिथल्या एका दुकानाच्या काचेत मी एक फ्रॉक बघून ठेवला होता. पांढरा, त्याच्यावर लाल चेरी. मुलगी मला ओळखणार नाही याची मला खात्री होती. निदान फ्रॉककडे तरी हात करील, असं वाटलं. मी मशीन बंद केलं आणि गेले. दुकानात गार होतं. आणखी दोन फ्रॉक काढून बघितले, केसांच्या क्लिपा घेतल्या, मोजे घेतले, दुकानदाराच्या बायकोशी बोलत बसले. परत आले तेव्हा बारा वाजत आले होते. अजून तासभर होता. निम्म्या तरी बाजू झाल्या असत्या. मी खुर्चीवर बसले, पिशवीतून फ्रॉक काढून मांडीवर पसरला आणि एक वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

आणि हे एक. पुढच्या बाजू काढताना शेळ्यांचं कार्ड हातात आलं होतं. त्याची मागची बाजू मला पाठ होती. मी ते इतर तीन कार्डांबरोबर काचेवर ठेवलं, झाकण लावलं, काढलं, आणि न उलटता पर्समध्ये टाकलं. आपलंसं वाटत होतं म्हणून.

सुहासने शनिवारी पार्सल रजिस्टर केलं. परत आल्यावर मागच्या बाजू पाठवू, असं मी मनाशी म्हटलं.

काही महिन्यांनी सरांचं पत्र आलं. मावशीची तब्येत, अंगणातलं अंजिराचं झाड, इथली आठवण. मग शेवटी, संपादकाकडे एका खोक्याच्या दोन्ही आणि बाकीच्यांच्या पुढच्याच बाजू पोचल्या आहेत, दुसरं पाकीट वेगळं पाठवलंस का? घाई नाही. खोकी तेव्हा माझ्या बाल्कनीत, गॅसच्या सिलिंडरशेजारी होती. रस्त्याच्या टोकाला झेरॉक्सचं दुकान होतं. "विसरले" असं एका शब्दात लिहिता आलं असतं. मी लिहिलं, हो सर, दुसरं पाकीट वेगळं पाठवलंय, येईलच.

त्यानंतर रोज वाटायचं, आज जाऊन काढून आणू. मग वाटायचं, आता पाठवलं तर पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख दिसेल. इतकं क्षुद्र कारण होतं ते. शिक्का. एका माणसाच्या सगळ्या आयुष्यापुढे मला शिक्का मोठा वाटला.

नवीन शतक लागलं तेव्हा सुहासला दुबईत नोकरी मिळाली. मुलगी एव्हाना आमच्याकडे आली होती, आम्हा दोघांना ताई-दादा म्हणायची. सामान बांधताना सुहासने विचारलं, ह्या खोक्यांचं काय करायचं गं? मी म्हटलं, टाक. तो म्हणाला, अगं, त्या प्रोफेसरांची आहेत ना? मी म्हटलं, त्यांना नकोयत आता. खोकीच नसली की मागण्यासारखं काही राहणार नाही, असं मला वाटलं असणार. त्याने ती खाली म्युनिसिपालटीच्या कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. मी खिडकीत उभी होते. शेळ्या आल्या. आधी त्यांनी खोक्यांची झाकणं खाल्ली. मग कार्डं. एकेक दाताखाली धरायच्या, मान वर करून चावायच्या, काळी बाजू, निळी बाजू, सगळं. मी खाली धावले नाही. पडदा लावला आणि भांडी कागदात गुंडाळायला बसले.

पुस्तक आलं त्यानंतर दोनेक वर्षांनी, फिरत फिरत, सुहासच्या नव्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर. संपादक वाट बघून थकला होता. सरांनी थांबा म्हणून लिहिलेलं असूनही त्याने जेवढं होतं तेवढं छापलं. पान उघडलं तर शेळ्या. "पलीकडच्या गावातल्या बायका आल्या आणि त्यांनी आमच्या शेळ्यांचं दूध काढून नेलं." खाली काही नाही. पान उलटलं तर वेगळ्याच गावाची गोष्ट.

बरोबर पत्र होतं. सरांचं अक्षर नेहमीसारखं सरळ. पुस्तक मावशीच्या गावात पोचलं होतं, कुणीतरी तिला वाचून दाखवलं होतं. तिच्याच घरात राहून, तिच्याच कॅसेटवरून ऐकून, बहिणीच्या मुलाने तिला दूधचोर ठरवलं, असं गाव म्हणत होतं. मावशी भांडली नाही. तिने फक्त त्यांचं ताट आतून उचलून अंगणात नेऊन ठेवलं, आणि तेव्हापासून ते रोज तिथेच ठेवते. "पेधी, मी तिला सांगतो की दुसरी बाजू आहे, वाटेत आहे. दुसऱ्या पाकिटाची पावती तुझ्याकडे असेल. पावतीवरचा नंबर कळव, मी पोस्टात शोध घेईन. नाहीतर खोकीच जहाजाने पाठव, कुक ओळखीचे आहेत."

मी आठ दिवसांनी उत्तर लिहिलं. पावती हरवली. आणि वादीला, त्या डोंगरातल्या कोरड्या नदीला, पूर आला तेव्हा बाल्कनीत पाणी शिरलं, खोकी गेली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं हे त्यांना माहीत होतं. लोणच्याची बरणी घ्यायला ते कितीदा जिना चढून आले होते. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या पत्रात फक्त एवढंच, वाईट वाटून घेऊ नकोस बिया, मुलगी कशी आहे?

त्यानंतर पत्र आलं ते मावशीच्या नातवाचं, इंग्रजीत, टाइप केलेलं. सर गेले होते. त्यांच्या कपाटात एक जाडजूड फाइल सापडली. तीन देशांच्या पोस्टखात्यांशी केलेला पत्रव्यवहार, एका पाकिटाबद्दल. ते दर महिन्याला तालुक्याच्या पोस्टात जाऊन खिडकीशी उभे राहत, आज काही आलंय का विचारत, आणि तिथली मुलं त्यांची टिंगल करत. नातवाला वाटलं, पाठवणारीला कळवावं. प्रत्येक अर्जात त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं, ते त्याने उतरवून पाठवलं होतं. "पाकीट निश्चित पाठवलं गेलं आहे, कारण पाठवणारी व्यक्ती पूर्ण विश्वासाची आहे."

आणि खोलीत दोरी होती, त्याने लिहिलं होतं, तिच्यावर चिमट्यांनी अकरा कार्डं लावलेली. ती आम्ही शवपेटीत त्यांच्याबरोबर ठेवली. अंत्यविधी संपेपर्यंत मावशी आत आली नाही, अंगणातच बसली, त्या ताटाशी.

ते पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते. वाचलं, घडी केली, पोळ्या लाटल्या.

आज त्या पिवळ्या माळेखाली बसून मी हे सगळं मुलीला सांगितलं. गोवर, विमान, दुकान, चेरी. त्या फ्रॉकमधला तिचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. मिरजेच्या अंगणात उभी, तोंड फिरवलेली, कारण फोटो काढणारी बाई कोण हे तिला कळत नव्हतं. मी पर्समधून कार्ड काढून दिलं. तिने काळी बाजू बघितली. उलटलं. निळी बाजू बघितली. दोन्ही भाषा तिला येत नाहीत, मलाही येत नाहीत. परत काळी बाजू वर केली.

"यू न्यू व्हॉट वॉज ऑन द बॅक."

"हो."

"ऑफ दिस वन."

"याचं तर पाठ होतं."

तिने कार्ड टेबलावर ठेवलं, माझ्या कपापासून लांब, ओलं होऊ नये म्हणून. मग मराठीत बोलली, जे ती क्वचित बोलते. "मला कशाला सांगतेस? त्यांना सांग ना."

परत येताना बोगद्यांमध्ये तिने रेडिओ लावला नाही.

नातवाचा पत्ता माझ्याकडे आहे. घरी आल्यावर इंग्रजीत लिहायला बसले. डिअर सर, एवढं लिहून झालं. पुढे जाईना. मग मराठीत लिहायला घेतलं आणि झरझर झालं, हे, आत्ता तुम्ही वाचताय ते. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की डोंगराच्या दोन्ही बाजूंना जी भाषा कुणाला येत नाही नेमकी तीच मी निवडली. इतक्या वर्षांनीसुद्धा मी कार्ड उलटलं नाही. मावशी असेल तर नव्वदीच्या पुढे असेल. तिच्या नावावर छापलेलं ते एक वाक्य अजून तसंच आहे, आणि ते खोडू शकेल असा कागद जगात एकच आहे, माझ्या पर्समध्ये.

सरांच्या नियमाने हे लिखाण कुठल्याच खोक्यात जाऊ शकत नाही. याची एक बाजू लिहून झाली आहे. मागची ज्यांनी लिहायची ते पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून राहून गेले.

बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे मी काढून घेतले. त्या जागी हे कागद लावले, एकेका कागदाला एकेक चिमटा, आणि शेवटी ते कार्ड. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी रिव्हर्स होतेय. शेजारच्या एसीचा गरम वारा येतो आणि सगळे फडफडतात. मुलगी काचेच्या दारामागून बघतेय. अजून बाहेर आलेली नाही.